सोंवळें ताटाचें कीं मनाचें?

सन १८४३ मध्यें मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें सुमारें बारा वर्षांच्या एका ब्राह्मण मुलाचा वाद आला. मुलाचें नांव श्रीपति शेषाद्रि. त्याचा वडील भाऊ नारायण हा स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकून त्याच सालीं ख्रिस्ती झाला होता, आणि धाकटा भाऊ त्याच्या मागोमाग मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरीं जाऊन राहिला होता. बापानें हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं, मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा बापाकडेच असला पाहिजे, असें ठरवून त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पेरीसाहेबांच्या निकालांचा जो संग्रह पुढें छापला गेला त्यांत हा खटला आहे, आणि अज्ञान मुलाच्या ताब्याच्या प्रश्नावर वकीलमंडळी त्याचा उल्लेख करीत आली आहेत. परंतु आज आम्हांस त्या निकालाविषयीं फारसें लिहावयाचें नाहीं. निकालानंतर जें घडलें त्याविषयीं लिहावयाचें आहे. आणि जालन्याच्या वाचकांपुढें तें मांडण्याचें कारण असें कीं, या दोघां भावांपैकीं थोरल्याचें पुढील कार्य जालन्याच्या मातींत रुजलें.

मुलगा घरीं आला. पण घरीं येणें निराळें आणि जातींत येणें निराळें. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या हिशेबानें तो ख्रिस्ती नव्हता. कोर्टाच्या हिशेबानें तो आपल्या बापाचा मुलगा होता. परंतु मिशनऱ्याच्या घरीं तो जेवला होता, आणि या एका गोष्टीनें पहिल्या दोन्ही हिशेबांवर पाणी पडलें. त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें कीं न घ्यावें, या प्रश्नावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गांत दोन तट पडले. मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढलें, त्यांचें वय या वेळीं जेमतेम एकतीस होतें. त्यांनीं मुलास शुद्ध करून घेण्याचा पक्ष धरला. सनातनी मंडळींनीं त्यांच्यावर जें हत्यार उपसलें तें त्या काळचें नेहमींचेंच, म्हणजे बहिष्काराचें. ज्या गृहस्थानें मुलास घरीं आणण्याचा मार्ग मोकळा करावा म्हटलें, तोच घराबाहेर घालविण्यास योग्य ठरला! मिशनऱ्यांचा पाडाव व्हावा अशी ज्यांची इच्छा होती, त्यांनीं मिशनऱ्यांना याहून मोठी मदत दुसरी कोणती केली असती हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

या सर्व वादाचा भर कशावर होता तें पहावें. मुलगा किती दिवस तेथें राहिला, कोणाच्या हातचें जेवला, तें अन्न पोटांत गेल्यावर ब्राह्मण्य उरतें कीं जातें, याचा काथ्याकूट. मुलाचें मन कोठें आहे, त्यास बापाविषयीं ममता आहे कीं नाहीं, तो खोटें बोलतो काय, कोणाचें वाईट चिंतितो काय, या प्रश्नांस त्या खलांत कांहींच किंमत नव्हती. घास तेवढा खरा, बाकी सर्व खोटें.

आतां गंमत अशी कीं, ज्या घरीं तो मुलगा जेवला त्या घरच्या धर्मपुस्तकांत नेमका हाच वाद आला आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या व मत्तयाच्या पंधराव्या अध्यायांत ती कथा आहे. येशूचे कांहीं शिष्य हात न धुतां जेवावयास बसले. वाडवडिलांची परंपरा पाळणाऱ्या परूशी मंडळींनीं त्यावर आक्षेप घेतला. येथें हात धुणें म्हणजे आरोग्यासाठीं धुणें नव्हे. विधीचें धुणें, आपल्याकडील सोंवळ्यासारखें. येशूच्या उत्तराचा आशय असा होता कीं, बाहेरून तोंडावाटें आंत जाणारें कांहींही मनुष्यास विटाळवीत नाहीं, कारण तें पोटांत जातें व पोटांतून निघून जातें. अंतःकरणांत तें शिरतच नाहीं. मनुष्यास विटाळवितें तें आंतून बाहेर येणारें. आणि त्यानें त्याची यादीच दिली: दुष्ट विचार, चोरी, खून, व्यभिचार, लोभ, कपट, निंदा, गर्व. वकिलाच्या दृष्टीनें ही यादी मोठी विलक्षण आहे. तिच्यांतील चोरी व खून यांस दंडसंहितेंत कलमें सांपडतात. लोभास आणि गर्वास जगांतील कोणत्याही दंडसंहितेंत कलम नाहीं, आणि असूंही शकणार नाहीं.

ही शिकवण 'बाह्य नियम सैल करा' अशी आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. डोंगरावरील प्रवचन म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे तो वाचला असतां उलट असें दिसतें कीं, नियमाचा फांस तेथें आवळला आहे. खून करूं नये एवढ्यावर भागत नाहीं. भावाविषयीं मनांत राग धरून ठेवणें हाही अपराधच. देवापुढें अर्पण घेऊन गेलां आणि तेथें आठवलें कीं आपल्याविषयीं कोणाच्या मनांत रास्त तक्रार आहे, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याची समजूत घालण्यास परत जावें. दान असें करावें कीं आपल्याच दुसऱ्या हातास पत्ता लागूं नये. हे नियम पाळणें हात धुण्याहून सोपें आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें पहिल्या नियमाचा एक आठवडा प्रयोग करून पहावा. आम्ही करून पाहिला आहे. बुधवारपर्यंतही टिकलों नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं जे व्यापारी आहेत त्यांस या ग्रंथांतील आणखी एक प्रसंग आपल्या पेठेंतलाच वाटेल. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायांत येशू परूशांस अशा अर्थाचें सांगतो कीं, तुम्ही पुदिना, शेपू आणि जिरें यांचा दहावा हिस्सा मोजून देवास देतां, पण न्याय, दया आणि विश्वास या जड गोष्टी सोडून देतां. जिऱ्याचा दहावा हिस्सा! ज्यानें कधीं जिरें तोललें आहे त्यास हें चित्र समजावून सांगावें लागत नाहीं. आणि यांतील मार्मिक भाग असा कीं, जिरें मोजूं नका असें तो म्हणत नाहीं. जिरेंही द्या, पण जड गोष्टी टाकूं नका, असें त्याचें म्हणणें आहे. मोंढ्यांत दुकानाच्या चोपडीवर शुभ-लाभ लिहिण्यास आमची हरकत नाहीं. हिशेबांतून धर्मादाय काढला जातो, त्यासही नाहीं. पण शेतकऱ्याच्या पोत्यामागें कडता कापून जो धर्मादाय उभा राहतो, तो कोणाच्या खिशांतून गेला आणि कोणाच्या नांवावर जमा झाला, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवितों. 'वरून कीर्तन, आंतून तमाशा' ही म्हण मराठींत कोणा मिशनऱ्यानें आणली नाहीं.

येथें एका अन्यायाची दुरुस्ती करणें आमचें कर्तव्य आहे. ख्रिस्ती प्रवचनांतून परूशी हा शब्द शतकानुशतकें ढोंगी या अर्थानें वापरला गेला, आणि त्यावरून सगळ्या यहुदी धर्मासच कोरडें कर्मकांड ठरविण्यांत आलें. हें इतिहासास धरून नाहीं. येशू स्वतः यहुदी होता, आणि जो विचार त्यानें मांडला तो आमोस, मीखा, यशया या यहुदी संदेष्ट्यांनीं त्याच्या कित्येक शतकें आधीं सांगितला होता: यज्ञ आणि सण यांहून देवास न्याय प्रिय आहे. घरांतल्या मनुष्यानें घरच्यांशीं केलेलें तें भांडण होतें. परक्यानें तें उचलून त्या घरास दूषण द्यावें हें बरें नव्हे. आणि युरोपांत या दूषणाचे परिणाम किती भयंकर झाले तें विसाव्या शतकानें पाहिलें आहे. हीच गोष्ट आमच्याकडे लागू आहे. अंतःकरणशुद्धीची शिकवण सातासमुद्रांपलीकडून आली म्हणून ती घेऊं नये असें म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ती येथें नव्हतीच असें म्हणणारा चुकतो. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा होईपर्यंत जालना आणि पैठण हीं दोन्ही गांवें एकाच औरंगाबाद जिल्ह्यांत होतीं. त्या पैठणास सोळाव्या शतकांत एकनाथ होऊन गेले. श्राद्धाचें अन्न त्यांनीं अस्पृश्यांस वाढलें आणि ब्रह्मवृंदानें त्यांच्यावर रोष धरला, ही कथा परंपरा सांगत आली आहे. गोदेच्या तापल्या वाळवंटांत रडणारें महाराचें मूल त्यांनीं उचलून घेतलें, हीही. ज्या देशांत ह्या कथा कीर्तनांत डोळे पुसून ऐकल्या जातात, त्याच देशांत बारा वर्षांच्या श्रीपतीच्या पोटांतील घासाचा न्याय करण्यास सभा भरते. हा दोष कथेचा नव्हे, ऐकणाऱ्याचा.

मिशनऱ्यांच्या बाजूसही एक शब्द बोलला पाहिजे, आणि तो सर्वस्वी स्तुतीचा नाहीं. बारा वर्षांचें मूल बापाच्या घरून आपल्या घरीं येऊं देणें व ठेवून घेणें, हें आम्हांस तेव्हांच्या कायद्यानें चुकीचें वाटतें तितकेंच आजच्या माणुसकीनेंही चुकीचें वाटतें. पेरीसाहेबांचा निकाल योग्य होता. शिवाय अंतःकरणाचा उपदेश करणाऱ्या मंडळींनींही आपले बाह्य नियम कांहीं थोडे निर्माण केले नाहींत. स्कॉटिश पंथाचें रविवारचें पालन इतकें कडक असे कीं आमच्या एकादशीनें त्यापुढें मान खालीं घालावी. गोव्यांत तर ख्रिस्ती होऊनही बामण, चारडो आणि शूद्र हे भेद राहिले, आणि चर्चमधील कांहीं बंधुमंडळांचें सभासदत्व जातीवरून ठरत असे. ज्या वेदीपुढें बसून भावाशीं समेट करावा असें सांगितलें, तिच्यापुढेंच जातीच्या रांगा लागल्या. मनुष्याचें मन मोठें चतुर आहे. त्याच्या हातांत कोणताही धर्म द्या, त्यांतून तें आपल्या सोयीचें सोंवळें विणून काढतें.

आतां थोरल्या भावाकडे वळूं. नारायण शेषाद्रि पुढें पाद्री झाले, आणि १८६० नंतरच्या दशकांत जालन्यास आले. तेव्हां जालना ही निजामाच्या राज्यांतील फौजेची छावणी होती. तेथें त्यांनीं ज्या लोकांत काम केलें त्यांत मोठा भरणा मांग समाजाचा होता. गांवाबाहेर राहणारा, गांवच्या विहिरीवर पाय ठेवूं न शकणारा, दोरखंड वळून व पडेल तें काम करून जगणारा, आणि चोरीचा आळ आला कीं प्रथम ज्याच्या झोंपडीकडे बोट जाई असा हा समाज. नारायणरावांनीं जालन्याजवळ एक गांवच वसविलें, त्याचें नांव बेथेल. इब्री भाषेंत बेथेल म्हणजे देवाचें घर. जमीन दिली ती निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनीं. जन्मानें देशस्थ ब्राह्मण असलेला ख्रिस्ती पाद्री, मुसलमान दिवाणाची जमीन, आणि वसावयास आलेले मांग: हें चित्र काढण्यास जालन्याहून योग्य पेठ सांपडणें कठीण. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें जगांतील प्रॉटेस्टंट पंथांची जी मोठी परिषद भरली होती, तिला हे नारायणराव जालन्याचे प्रतिनिधि म्हणावेत असे हजर होते.

नारायणरावांचें धर्मांतर आमच्या कांहीं वाचकांस अजून खुपत असेल. त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं. धर्म बदलल्याशिवाय हें काम करतां आलें असतें हें आम्हांसही मान्य आहे. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तो कोणाचा बाप्तिस्मा घेऊन नव्हे. पण 'करतां आलें असतें' आणि 'केलें' यांत जें अंतर आहे तेंच आमच्या या लेखाचा विषय आहे. ज्या भावाच्या घासावरून मुंबईंत शास्त्रार्थ झाला, त्याचा वडील भाऊ वीस वर्षांनीं मांगांच्या वस्तींत राहावयास गेला. तेथें अंतःकरणशुद्धीचें प्रवचन पुरेसें नव्हतें. घर पाहिजे होतें, जमीन पाहिजे होती, मुलांस अक्षरओळख पाहिजे होती. मनाचा चांगुलपणा हा झाडाच्या मुळासारखा आहे, असें ख्रिस्ती ग्रंथ म्हणतो आणि फळावरून झाड ओळखावें असें सांगतो. बेथेलमध्यें फळ म्हणजे वसलेलें घर. तेथेंही सारें गोड झालें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. एका पाद्रीच्या छत्राखालीं वसलेल्या गांवांत त्या पाद्रीची मर्जी हाही एक नियमच होऊन बसत असणार, हें मनुष्यस्वभाव जाणणारा कोणीही सांगेल.

मुंबईच्या वादानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं पुण्यांत त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला, आणि त्यांतील पात्रें आमच्या पूज्य स्थानीं असलेलीं होतीं. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें व्याख्यान झालें, त्यानंतर मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातांत धरून खालीं ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापविलीं, आणि पुणें पेटलें. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशीस कमिशन बसलें, आणि देशांतील पहिल्या प्रतीचे कायदेपंडित पेल्यांतील चहा ओठांस लागला कीं नाहीं या मुद्द्यावर अडकले. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. रानड्यांच्या अनुयायांस त्यावरून फार वाईट वाटलें, आणि आम्हांसही वाटतें. परंतु दोष केवळ त्या थोरांच्या माथीं मारून मोकळें होणें हा लबाडीचा मार्ग आहे. ज्यांनीं आपल्या घरचीं लग्नकार्यें अडलेलीं कधीं पाहिलीं नाहींत, त्यांनीं बहिष्काराच्या धाकाखालीं वाकलेल्या मनुष्यास भित्रा म्हणूं नये. आम्ही लक्ष वेधितों तें दुसऱ्या गोष्टीकडे. त्या सभेंत जो बसला त्याचें मन ख्रिस्ती झालें आहे, असें चौकशी करणाऱ्यांपैकीं कोणासही खरोखर वाटत नव्हतें. वाटत नव्हतें म्हणूनच चहाची चौकशी केली. मन शोधतां येत नाहीं तेव्हां मनुष्य पेला शोधतो.

आणि येथेंच आमच्या वकिली पेशाची अडचण उभी राहते, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. कायदा मनाचा शोध घेऊं शकत नाहीं, तो कृत्यच पाहतो. फार झालें तर कृत्यावरून हेतूचें अनुमान करितो. खुनाच्या खटल्यांत इरादा सिद्ध करावा लागतो हें खरें, पण तोही शस्त्र कोणतें, घाव कोठें, यांवरूनच. म्हणून 'नियम कशाला, मन शुद्ध पाहिजे' असें जे सुशिक्षित म्हणतात त्यांच्याशीं आमचा सूर जुळत नाहीं. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें, धर्म सोडला किंवा जातींतून काढलें म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाहीं असें ठरविलें. बाळशास्त्री तो कायदा पाहण्यास राहिले नाहींत. १८४६ च्या मे महिन्यांत, वयाच्या चौतिसाव्या वर्षींच, ते वारले. मुंबई सरकारनें १९४९ सालीं जातिबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें आणि १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. अखेर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलांत आला, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. बाळशास्त्र्यांस जें सोसावें लागलें तें आज कोणी कोणास सोसावयास लावील तर तो आरोपी होईल. हा नियमाचा विजय आहे, अंतःकरणाचा नव्हे. तरी तो लहान नाहीं. बहिष्कृताच्या मुलीचें लग्न होण्यास शेजाऱ्याचें मन बदलण्याची वाट पाहावी लागत नाहीं, एवढें तरी त्यानें साधतें.

पण कायदा धर्माच्या प्रांतांत शिरला कीं त्याच्याही हातून कधीं कधीं पेल्याचीच चौकशी होते. राष्ट्रपतींनीं १० ऑगस्ट १९५० रोजीं अनुसूचित जातींचा जो आदेश काढला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणें हिंदु धर्माबाहेरील मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जात नाहीं. पुढें १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध यांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. परिणाम असा कीं, मांगाचा नातू मांग म्हणून राहिला तर त्याच्या पाठीशीं घटना उभी आहे. त्याच्या आजानें बेथेलसारख्या गांवांत बाप्तिस्मा घेतला असेल व तो त्या धर्मांत राहिला असेल, तर ती पाठीशीं नाहीं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें जात धुवून निघाली असें सरकारी कागद मानतो. ती निघाली कीं नाहीं हें गांवास विचारावें! १९८५ सालीं सूसाईच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेनें टिकून आहेत हें पुराव्यानें दाखविलें पाहिजे. २००७ सालीं रंगनाथ मिश्र आयोगानें धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ सालीं केंद्र सरकारनें न्यायमूर्ति बाळकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं पुन्हां एक आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें, पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या दाव्यांत, सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं तिचा बाप्तिस्मा झाला आहे, ती चर्चमध्यें जाते, तेव्हां केवळ नोकरींतील सवलतीसाठीं आपण हिंदु आहों असें म्हणणें, त्यामागें खरी श्रद्धा नसतां, ही घटनेची फसवणूक होय.

या निकालाचा तर्क आम्हांस समजतो. श्रद्धा ही सवलतीची पावती नव्हे, आणि तिचें सोंग घेण्यास न्यायालयानें उत्तेजन देऊं नये हें योग्यच. परंतु जी श्रद्धा न्यायासनास दिसूं शकत नाहीं तिचा शोध लागला तो कशावरून, तर बाप्तिस्म्याची नोंद व चर्चचीं पायरी यांवरून. आणि ज्या दुःखासाठीं सवलत निर्माण झाली त्याचा श्रद्धेशीं संबंधच काय? विहिरीवरून हाकलणारा, हाकलण्यापूर्वीं समोरच्याची श्रद्धा विचारीत नाहीं. म्हणून आमचें मत असें आहे कीं, सवलतीचें माप धर्माच्या नांवावर ठेवूं नये, जाचाच्या पुराव्यावर ठेवावें. हें मत आमच्या पुष्कळ हिंदु मित्रांस आवडणार नाहीं, आणि धर्मांतरास त्यानें प्रोत्साहन मिळेल असें ते म्हणतील. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, सवलत गेल्याच्या भीतीनें जो हिंदु राहतो, त्याच्या हिंदुत्वाची तुम्हांस एवढी शाश्वति वाटते काय?

हें सर्व वाचून शहरांतला सुशिक्षित वाचक म्हणेल कीं, हे जुने वाद झाले. आम्ही सोंवळें पाळीत नाहीं, कोणाही हातचें जेवतों, हॉटेलांत शेजारीं कोण बसला आहे हें पाहात नाहीं. हें खरें आहे, आणि त्याबद्दल आम्हांस आनंद वाटतो. येशूनें परूशांस ताटवाटीचाही दाखला दिला होता: बाहेरून घासून लख्ख, आंत लूट आणि हांव भरलेली. आमचें उलट झालें आहे. ताटाचें बाहेरचें सोंवळें आम्हीं फेंकून दिलें, आणि आंतलें तसेंच राहूं दिलें. त्याची परीक्षा जेवणाच्या टेबलावर होत नाहीं, घर भाड्यानें देतांना होते. घरमालक चहा देतो, मोठ्या आदरानें देतो, आणि बोलतां बोलतां विचारतो, "आडनांव काय म्हणालांत?" आडनांवावरून समजलें नाहीं तर गांव विचारतो. गांवावरून समजलें नाहीं तर, "घरांत कोणते देव आहेत?" मग खोली कालच कोणास तरी देऊन झालेली असते. अशी हकीकत गेल्या कांहीं महिन्यांत आम्हांस एकानें नव्हे, निरनिराळ्या व्यवसायांतल्या चौघांनीं येऊन सांगितली; त्यांतील एक शिक्षक आहे. घरमालकानें कोणताही कायदा मोडल्याचें कोर्टांत सिद्ध करणें कठीण. त्यानें अपशब्द उच्चारला नाहीं. चहा दिला, तोही घरच्याच पेल्यांत. पंचहौदच्या चहानें ज्यांस बहिष्कृत केलें त्यांचे पणतू आज चहा पाजून बहिष्कार घालतात, एवढी प्रगति झाली खरी.

म्हणून जालना शहरांतील घरमालक व दुकानदार मंडळींस आमची विनंति आहे कीं, येत्या दिवाळीपूर्वीं, चोपड्या नव्या होण्याच्या आधीं, खोली किंवा गाळा भाड्यानें देतांना ज्या गोष्टी पाहावयाच्या त्या प्रत्येकानें आपल्याशीं लिहून काढाव्यात: भाडें, अनामत, नोकरी-धंदा, पूर्वीच्या मालकाचा अभिप्राय, कराराची मुदत. त्या कागदावर जात किंवा धर्म लिहिण्याची ज्यांस आवश्यकता वाटत असेल, त्यांनीं तीही लिहावी, आणि तो कागद आमच्याकडे पाठवावा. त्याचें कारण त्यांच्याच शब्दांत, त्यांची इच्छा असेल तर नांवासह, नसेल तर नांव गाळून, आम्ही याच जागीं छापूं. तसेंच ज्यांस खोली नाकारण्यांत आली त्यांनींही आपली हकीकत तारीखवार लिहून द्यावी. तींत घरमालकाचें नांव आम्ही छापणार नाहीं, परंतु पेठेचें छापूं.